पिवळ्या कॅसेटला ‘नकली’ म्हणणाऱ्यांसाठी

(दीर्घ थ्रेड)

मराठीत सध्या ‘रेट्रो गेमिंग’चा इतिहास सांगणाऱ्या पोस्ट आणि व्हिडिओंना बरे दिवस आले आहेत. त्यांची कथा बहुधा ठरलेली असते. १९८३ साली अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला, निन्टेन्डोने तो सावरला, सेगाशी तिची झुंज झाली, पुढे सोनीचे प्लेस्टेशन आले. भारताच्या वाट्याला अखेरीस एकच वाक्य येते: आपल्याकडे मात्र सगळा नकली माल होता.

या एका वाक्याने धाराशिवसारख्या जिल्ह्याचा या विषयातला अख्खा इतिहास पुसला जातो. तुळजापूर, उमरगा, कळंब, परंडा येथे जी पिढी टीव्हीला जोडलेल्या यंत्रावर खेळली, ती जवळजवळ सगळी याच ‘नकली’ मालावर खेळली. तो माल वगळला तर या भागासाठी काहीही उरत नाही. आणि मग उसन्या आठवणी सांगाव्या लागतात.

त्या उसन्या आठवणींतली पहिली म्हणजे १९८३ ची मंदी. ती उत्तर अमेरिकेतली घटना आहे. भारतात रंगीत दूरदर्शनच आले १५ ऑगस्ट १९८२ रोजी, तेही मोजक्या शहरांत. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मंदी यायला आधी बाजार असावा लागतो, तो नव्हता. आपल्या दृष्टीने १९८३ चे महत्त्व वेगळे आहे. त्या वर्षी १५ जुलैला जपानमध्ये निन्टेन्डोचा ‘फॅमिकॉम’ विक्रीस आला, आणि पुढे मराठवाड्यापर्यंत पोचलेली यंत्रे त्याच्याच वंशातली होती.

अधिकृत माल आपल्याकडे आलाच नाही, असेही नाही. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या आयातीवर निर्बंध असल्याने निन्टेन्डोच्या परवान्याने सुट्या भागांतून येथेच जोडलेले यंत्र ‘सामुराई’ या नावाने विकले गेले. एप्रिल १९९५ मध्ये शॉ वॉलेसने (होय, मद्यनिर्मितीसाठी ओळखल्या जाणाऱ्या त्याच कंपनीने) सेगाचे मेगा ड्राइव्ह भारतात आणले. आयात शुल्क ८० टक्के. यंत्राची किंमत १८,००० रुपये. त्या वर्षीच्या भावाने एवढ्या पैशांत तीन तोळ्यांहून अधिक सोने येत होते. कोरडवाहू जिल्ह्यातल्या कोणत्या घराने मुलांच्या खेळण्यासाठी तीन तोळे मोडले असते? ‘अस्सल’ वस्तूचा आग्रह धरणाऱ्यांनी हे गणित एकदा मांडून पाहावे.

ती पोकळी ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांच्या यंत्रांनी भरून काढली. फॅमिकॉमची सगळी करामत एकाच चिपमध्ये बसवण्याचे तंत्र तैवान-चीनकडच्या उत्पादकांनी साधले होते. अशा यंत्राचे झाकण उघडले तर हिरव्या पट्टीवर काळ्या राळेचा एक थेंब दिसतो. सगळे यंत्र त्या थेंबाखाली असते. म्हणूनच ते स्वस्त झाले आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानापर्यंत येऊ शकले.

‘नकली होते’ म्हणून विषय मिटवणाऱ्यांच्या नजरेतून एक गोष्ट नेहमी सुटते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या निन्टेन्डोच्या कॅसेटला ७२ पिना असत, शिवाय यंत्रात एक कुलूपचिप होती. परवान्याविना केलेली कॅसेट ती चालू देत नसे. जपानी फॅमिकॉमची कॅसेट ६० पिनांची, आणि त्यात असे कुलूप नव्हते. आपल्याकडे आलेली यंत्रे या ६० पिनांच्या घराण्यातली. परिणामी धाराशिवचे मूल जे खेळले ते अमेरिकी मुलाच्या खेळांची कनिष्ठ प्रत नव्हते. त्याच्या हाती जपानी खेळसंग्रह आला होता.

याचा सर्वांत ठसठशीत पुरावा म्हणजे ‘बॅटल सिटी’, अर्थात रणगाड्यांचा तो खेळ. खाली गरुडाचे चिन्ह, भोवती विटांची भिंत, वरून येणारे शत्रूचे रणगाडे. नामको कंपनीने तो १९८५ साली फॅमिकॉमसाठी काढला. अमेरिकेतल्या निन्टेन्डोसाठी तो कधी प्रकाशितच झाला नाही. फॅमिकॉमवरचा ‘सर्कस चार्ली’ही असाच जपानपुरता. मराठी वाचकाला विचारा, या दोन खेळांवाचून त्याच्या लहानपणाचे चित्र पुरे होते का? तरीही मराठीतले ‘सर्वकालीन श्रेष्ठ रेट्रो गेम’चे बहुतेक तक्ते अमेरिकी तक्त्यांवरून उतरवलेले असतात, आणि त्यांत ‘बॅटल सिटी’ला जागा नसते. नक्कल नेमकी कोण करत आहे, हा प्रश्न मग टाळता येत नाही.

‘९९९९९९९ इन १’ ही तर थट्टेचीच बाब होऊन बसली आहे. अशा कॅसेटमध्ये मोजके खेळ असत आणि तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावांनी, वेगळ्या टप्प्यापासून किंवा जास्त प्राण देऊन यादीत भरलेले असत. फसवणूक होती, यात वाद नाही. पण ती यादी कोणी तरी बसून तयार केली आहे. कोणता खेळ पहिल्या क्रमांकावर ठेवायचा, कोणता अर्ध्यातून सुरू करायचा, कोणाचे नाव बदलायचे, हे निर्णय आहेत; आणि निर्णय जेथे दिसतात तेथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबायचे असते. खोटे ताम्रपट खोटे म्हणून फेकून दिले जात नाहीत. ते कोणी, केव्हा आणि कशासाठी बनवले, हे त्यांना विचारले जाते.

दूर जायला नको, धाराशिव शहरापासून तासाभराच्या आत तेर आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचे मोठे नगर सांगितले आहे, आणि तेथून साधे कापड व मलमल भडोचला जात असल्याची नोंद आहे. ते तगर म्हणजेच हे तेर, अशी ओळख फ्लीटने १९०१ मध्ये पटवली. तेरच्या सातवाहनकालीन थरांत केओलिनच्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती मिळतात. त्या ज्या दुहेरी साच्यात घडवल्या ते तंत्र रोमन संपर्कातून आले, असे अभ्यासक मानतात. दख्खनमधल्याच कोंडापूरसारख्या स्थळांवर तर रोमन नाण्यांच्या चक्क मातीच्या नकला सापडल्या आहेत.

त्या नकलांना कोणी ‘डुप्लिकेट’ म्हणून हिणवत नाही. रोमचा दबदबा किती दूर पोचला होता आणि येथल्या कारागिराने त्याचे काय केले, हे त्या मातीच्या चकत्या सोन्याच्या नाण्यापेक्षा स्पष्ट सांगतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या नकलेला संग्रहालयात काचेआड जागा आणि तीस वर्षांपूर्वीच्या नकलेला भंगाराचा भाव, यामागे कोणतीही शास्त्रीय कसोटी नाही. केवळ सवय आहे.

तेरचे संग्रहालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्या गावच्या पांढरीत मिळणाऱ्या वस्तू जमवल्या, तेव्हा त्याही बहुतेकांच्या लेखी खापराचे तुकडेच होते.

आता चोरीच्या आक्षेपाकडे वळू. नामको किंवा कोनामी यांना या कॅसेटींपोटी दमडीही मिळाली नाही, हे खरे. ते लपवू नये, गौरवूही नये. परंतु कायद्याचा निवाडा आणि ऐतिहासिक नोंद ही दोन वेगळी कामे आहेत. रशियात डिसेंबर १९९२ मध्ये बाजारात आलेले ‘डेंडी’ हेही फॅमिकॉमची विनापरवाना नक्कल होते. तेथे त्याचा इतिहास सोव्हिएतोत्तर समाजाचा इतिहास म्हणून अभिमानाने सांगितला जातो. आपण मात्र लाजत बसलो आहोत.

या लाजेला संग्रहबाजाराचे खतपाणी मिळते. ऑगस्ट २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची एक सीलबंद कॅसेट २० लाख डॉलरना विकली गेली. असे आकडे वाचून येथला हौशी संग्राहकही परदेशातून खोक्यासह ‘ओरिजिनल’ मागवतो आणि माळ्यावरची पिवळी कॅसेट रद्दीवाल्याला देतो. त्या सीलबंद वस्तूला कोणी हात लावलेला नाही, हेच तिचे मोल! इतिहासाला नेमकी हात लागलेली वस्तू हवी असते: घासलेली बटणे, सेलोटेपने जोडलेली वायर, लेबलावर बॉलपेनने लिहिलेले नाव.

कारण खरे प्रश्न त्या हातांविषयी आहेत. या कॅसेटींत खेळ जतन करण्याची सोय क्वचितच असे. वीज गेली की सुरुवातीपासून खेळावे लागे. ग्रामीण महाराष्ट्रात लोडशेडिंगने कळस गाठला त्या वर्षांत याचा अर्थ काय झाला असेल? घरातल्या एकुलत्या टीव्हीवर मालिका की खेळ, हे कोण ठरवत होते? दुसरा रिमोट बहिणीच्या हाती किती वेळा आला? ज्या घरी टीव्हीच नव्हता तेथली मुले कोणाच्या ओसरीवर जाऊन खेळली, आणि कोणत्या ओसरीवर त्यांना मज्जाव होता? मराठवाड्यातल्या जातीच्या आणि पैशाच्या भिंतींचा इतिहास लिहिणाऱ्यांना येथे आयते साधन आहे. ही माणसे आज चाळिशीच्या आसपास आहेत, सांगायला तयार आहेत. विचारणारा हवा.

मोबाइलच्या बाबतीत परिस्थिती अधिक बिकट आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, २०१८ मध्ये पबजी मोबाइल आले, आणि ज्या खेड्यांत कधी कॅसेट पोचली नव्हती तेथेही खेळ पोचला. २ सप्टेंबर २०२० रोजी त्यावर बंदी आली आणि ३० ऑक्टोबरला भारतासाठीचे सर्व्हर बंद झाले. गावोगावच्या मुलांनी टाळेबंदीच्या महिन्यांत ज्या नकाशांवर दिवस काढले, त्यांचे त्या आवृत्तीतले एक खापरही उरले नाही. पुढे बीजीएमआय आले, हटले, परत आले. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजून दाखवले की तेथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. तेथे निदान मोजणी झाली. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांचे खेळ, ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे खेळ यांत भेद केला, तरी पारावरची चर्चा अजून रमी आणि रणगाडे एकाच मापाने मोजते.

व्हीआरबद्दल थोडक्यात. डोळ्यांवर चष्मा चढवून नळदुर्गचा पाणीमहाल पाहता यावा, ही कल्पना मोहक आहे, आणि तिला विरोध असण्याचे कारण नाही. पण त्या चष्म्याचे आयुष्यही सर्व्हर आणि अॅपवर टांगलेले. उद्याच्या अभ्यासकाला तोही रिकामाच सापडेल.

तोवर ज्यांच्या घरी जुने यंत्र आहे त्यांनी एवढे करावे. कॅसेटच्या लेबलाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र, आतल्या पट्टीचे छायाचित्र, पडद्यावरच्या यादीचे पहिल्यापासून शेवटपर्यंत चित्रण. कोणत्या दुकानातून, कोणत्या जत्रेतून, किती रुपयांना आणि कोणत्या निमित्ताने घेतले, हे घरातल्या मोठ्यांना विचारून तारखेसह लिहून ठेवावे. आणि तो जुना, फुगीर काचेचा टीव्ही इतक्यात विकू नये. बदके मारायची ती बंदूक घोडा दाबताक्षणी पडदा काळा करून लक्ष्याच्या जागी उमटणारा पांढरा चौकोन टिपते. हे गणित जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेगावर बेतलेले आहे. एलसीडीवर ती बंदूक काहीच टिपत नाही.