पांचामुखीं परमेश्वर

पांचामुखीं परमेश्वर, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. पांच शहाण्या माणसांनीं एकमुखानें सांगितलेली गोष्ट प्रमाण मानावी, हा तिचा आशय. आजकाल ही म्हण अगदीं नव्या पंचांस लागू करण्यांत येत आहे. चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड इत्यादि कृत्रिम बुद्धिमत्तेचीं यंत्रें आतां मुलांच्या हातीं आलीं आहेत. त्यांतील कोणतेंहि यंत्र प्रसंगीं मोठ्या ठामपणानें चुकीचें उत्तर देतें, हें पुष्कळांच्या अनुभवास आलेंच असेल. यावर उपाय म्हणून एकच प्रश्न तीनचार यंत्रांस विचारावा आणि ज्या उत्तरावर त्यांचें एकमत होईल तें खरें धरून वहींत उतरावें, असें कित्येक विद्यार्थ्यांस व पालकांसहि वाटतें. हा उपाय उपयोगी आहे. परंतु त्याचा खरा उपयोग सामान्यतः समजला जातो त्याहून निराळा आहे, असें आमचें मत आहे.

दोन स्वतंत्र उत्तरें ताडून पाहण्याची रीत या यंत्रांहून पुष्कळ जुनी आहे. इ. स. १७६७ पासून इंग्लंडांत खलाशांसाठीं 'नॉटिकल अल्मनॅक' नांवाचें पंचांग निघूं लागलें. भर समुद्रांत जहाज कोठें आहे हें त्यांतील आंकड्यांवरून काढावयाचें असल्यामुळें आंकडे चुकले तर जहाजास धोका. म्हणून त्याचे प्रवर्तक नेव्हिल मॅस्केलिन यांनीं अशी व्यवस्था केली कीं, गणकांनीं आपापल्या घरीं बसून गणित करावें आणि तिसऱ्या तपासनिसानें त्यांचे आंकडे ताडून पाहावे. योजना उत्तम होती. पण एकदां दोन गणक परस्परांचें काम उतरून घेत असल्याचें उघडकीस आलें, आणि मॅस्केलिन यांनीं दोघांनाहि कामावरून दूर केलें. हें योग्यच झालें. एकमेकांचें पाहून लिहिलेले आंकडे जुळले, तरी त्या जुळण्यास किंमत ती काय?

आजच्या यंत्रांविषयीं हाच प्रश्न विचारला पाहिजे. तीं निरनिराळ्या कंपन्यांनीं बनविलीं असलीं, तरी त्यांचें शिक्षण बव्हंशीं इंटरनेटवरील त्याच त्या लिखाणावर झालेलें असतें. एखादा चुकीचा सन दहा ठिकाणीं छापला गेला असेल, तर ती चूक सर्वांच्याच पदरीं पडण्याचा संभव असतो. त्यांतहि मराठी लिखाण तेथें इंग्रजीच्या मानानें थोडें. त्यामुळें आपल्या गांवचा किल्ला किंवा एखादा जुना कवि यांविषयीं पांच यंत्रांचें एकमत झालें, तरी त्याच्या मुळाशीं एकच पान असूं शकेल. शिवाय घडण सारखी असली कीं चुकाहि सारख्या होतात. 'स्ट्रॉबेरी' या इंग्रजी शब्दांत 'आर' हें अक्षर तीनदां येतें. परंतु २०२४ सालीं अनेक नामांकित यंत्रें तें दोनदांच येतें असें सांगत. यंत्र शब्द अक्षराक्षरानें वाचीत नाहीं, त्याचे तुकडे पाडून वाचतें, हें त्याचें मुख्य कारण. मुखें पांच असलीं, तरी डोळे एकाच जोडीचे होते!

मग अनेक यंत्रांस विचारण्यांत लाभ कोणता? आमच्या मतें तो एकमतांत थोडा आणि मतभेदांत फार आहे. ज्या प्रश्नास एकच बरोबर उत्तर आहे, त्यास तीन यंत्रांनीं तीन उत्तरें दिलीं, तर निदान दोन चुकलीं हें निश्चित झालें, आणि शोध कोठें करावयाचा हें विद्यार्थ्यास आयतें कळलें. अशा वेळीं हात वर करून मतें मोजण्यापेक्षां पाठ्यपुस्तक, कोश किंवा गुरुजी यांच्याकडे जावें. एकमत झालें, तरी सन, आंकडा आणि कोणाचें वचन या तीन गोष्टी मुळांतून पाहिल्याशिवाय लिहूं नयेत. २०२३ सालीं न्यूयॉर्क येथील वकिलांनीं यंत्रानें रचलेले, अस्तित्वांतच नसलेले निवाडे न्यायालयापुढें मांडले. ते खरे आहेत ना, असें त्याच यंत्रास विचारण्यांत आलें होतें, आणि यंत्रानें होकार दिला होता! न्यायालयानें ५००० डॉलर दंड केला. मूळ निवाडे शोधण्याचे श्रम केले असते, तर ही नामुष्की टळली असती.

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, प्रथम आपलें उत्तर आपण लिहावें; मग यंत्रांस वेगवेगळें विचारावें; एकाचें उत्तर दुसऱ्यास दाखवून "हें बरोबर ना?" असें विचारूं नये, कारण पुढें ठेवलेल्या उत्तरास मान डोलावण्याची खोड या यंत्रांस आहे. पालकांपैकीं ज्यांस शिकण्याची संधि मिळाली नाहीं, त्यांनीं आपणांस हा विषय कळत नाहीं म्हणून मागें राहूं नये. मुलाचा अभ्यास झाल्यावर त्यास जवळ बसवून, "हें तूं कोणत्या पुस्तकांत पाहिलेंस, तें मला दाखव," एवढेंच म्हणावें. एवढ्या प्रश्नानें जी तपासणी होईल, ती पांच यंत्रांच्या एकमतानें होणार नाहीं. या सूचनेचा घरोघरीं विचार व्हावा, अशी आमची विनंती आहे.