आधी वजनकाटा घ्या!
वहिनीने घरून व्हीगन केक विकायचं ठरवलं आणि साठवलेले पंचवीस हजार पहिल्याच आठवड्यात स्टँड मिक्सरवर घातले. अहो, कशाला? त्या यंत्राचं मुख्य काम लोण्यात नि अंड्यात हवा भरायची. इथे दोन्ही नाहीत! तेल, व्हिनेगर आणि सोड्याचा केक हातातल्या व्हिस्कने दोन मिनिटांत कालवून होतो. जास्त घोटलंत तर ग्लुटेनमुळे चिवट होतो. छोल्यांचं पाणी फेसायचंच असेल तर साधा हँड मिक्सर पुरतो. खरा घोळ ओटीजीचा. तिचा डायल १८० म्हणत होता, आत २००! पहिल्या ऑर्डरचे तिन्ही केक करपले. ओव्हनमधला थर्मामीटर आणि डिजिटल काटा, दोन्ही मिळून हजारेक रुपये. पण ते इन्स्टावर मिरवता येत नाहीत ना! मिक्सर सध्या खोक्यात आहे, गिऱ्हाईक शोधतोय.