पत्ता स्वतःचा, सर्व्हर भाड्याचा

'जुना लॅपटॉप पडलाय, लिनक्स टाकू आणि मेल सर्व्हर घरीच चालवू!' प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक तरी मित्र असतोच. आयडिया भारी आहे. पण मेलच्या बाबतीत हा नाद करू नका. घरगुती इंटरनेटवर मेल पाठवायला लागणारं २५ नंबरचं पोर्ट बरेचदा बंद असतं. ते उघडून घेतलं, एसपीएफ-डीकेआयएम नीट लावलं, तरी अनोळखी सर्व्हरचा मेल स्पॅममध्ये पडू शकतो. इंटर्नशिपचा अर्ज तिथे पडला, तर तुम्हाला कळणारही नाही.

मग फुकटातलंच बरं? तिथेही मेख आहे. २ वर्षं न वापरलेलं खातं गुगल काढून टाकू शकतं. कॉलेजचा मेल तर डिग्रीनंतर अनेकदा बंदच होतो.

म्हणून स्वतःच्या नावाचं डोमेन घ्या आणि मेलबॉक्स पैसे देऊन मुरलेल्या कंपनीकडे ठेवा. उद्या कंपनी बदलली तरी पत्ता तुमचाच राहतो. फक्त डोमेनचं रिन्यूअल चुकवू नका.

आणि तो जुना लॅपटॉप? त्यावर नेक्स्टक्लाउड टाका, नोट्स-फोटो ठेवा, बिनधास्त शिका. बॅकअप मात्र दुसरीकडे हवाच. तो बंद पडला तर एक संध्याकाळ जाईल, इंटरव्ह्यूचा कॉल नाही.