बिनतारी दुवा आणि सागाची पाने

बेळगाव-खानापूरकडील कित्येक मराठी कुटुंबांचा संसार आज दोन घरांत विभागलेला आहे. जुने घर गावातल्या गल्लीत, नवे घर मळ्यात. मुले पुण्याला, बंगळूरला वा परदेशी. वडीलधारी मंडळी मळ्यात. इंटरनेटची तार गावातल्या घरापर्यंत येते, मळ्यापर्यंत येत नाही. मग दोन्ही घरांच्या छपरांवर एकेक अँटेना उभारून मधला अर्धा किलोमीटर बिनतारी मार्गाने जोडतात. फाल्गुनात ही व्यवस्था उत्तम चालते. आषाढ लागला, की नातवाचा चेहरा पडद्यावर गोठून जातो आणि डॉक्टरांशी चाललेले बोलणे नेमके औषधाच्या नावापाशी तुटते. वृद्ध माणसे एकटी राहतात त्या घरी असा दुवा ही चैनीची वस्तू नव्हे. म्हणून या महिन्यात त्याचाच विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

अंतर फार झाले म्हणून दुवा तुटतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अपुरी आहे. २००७ साली व्हेनेझुएलात एर्मानो पिएत्रोसेमोली व त्यांचे सहकारी यांनी डोंगरमाथ्यावरून तब्बल ३८२ किलोमीटरवर वायफायची जोडणी करून दाखविली. अँटेना मोठ्या होत्या हे खरे; परंतु मधली वाट मोकळी होती, हे अधिक महत्त्वाचे. आपल्या अर्ध्या किलोमीटरला अंतर नडत नाही. नडतात त्या तीन गोष्टी: आडोसा, गोंगाट आणि ढिलाई. यांपैकी दोषी कोण, हे ठरविल्यावाचून नवे यंत्र विकत आणू नये, असे आमचे वाचकांस आग्रहाचे सांगणे आहे.

प्रथम दोष कोणत्या टप्प्यात आहे ते पाहावे. गावातल्या घरी संगणक राउटरला तारेने जोडावा. तेथेही इंटरनेट अडखळत असेल, तर दोष बाहेरून येणाऱ्या तारेत आहे. अँटेनांना बोल लावू नये. तेथे सर्व सुरळीत असेल, तर मळ्यातल्या संगणकावरून गावातल्या राउटरला ‘पिंग’ पाठवावे. पिंग म्हणजे संगणकाने घातलेली हाक होय. प्रत्येक हाकेला काही मिलिसेकंदांत उत्तर यावयास हवे. उत्तरे गळू लागली, की अँटेनेच्या यंत्रात दिसणारा संकेताचा आकडा पाहावा. तो उणे ६० डीबीएमच्या आसपास असेल तर संकेत चांगला. उणे ८० कडे झुकला तर क्षीण. संकेत क्षीण झाला असेल तर आडोसा किंवा अँटेनेचे तोंड फिरणे हे कारण. संकेत चांगला असूनही उत्तरे गळत असतील तर बहुधा गोंगाट. आणि यंत्रच बंद पडून पुन्हा सुरू होत असेल तर वीज अथवा केबल.

आता आडोशाविषयी. समोरची अँटेना डोळ्यांना दिसते, एवढ्याने वाट मोकळी ठरत नाही. लहरी सुतासारख्या सरळ रेषेत जात नाहीत. त्यांना मृदंगाच्या आकाराची, मध्ये फुगीर व टोकांना निमुळती अशी जागा लागते. फ्रेंच शास्त्रज्ञ ऑगस्तँ फ्रेनेल (१७८८–१८२७) यांच्या नावाने ती ओळखली जाते. अर्धा किलोमीटर अंतरासाठी तिची मध्यावरची त्रिज्या २.४ गिगाहर्ट्झवर सुमारे ४ मीटर व ५.८ गिगाहर्ट्झवर सुमारे अडीच मीटर भरते. तिचा निदान ६० टक्के भाग मोकळा असावा लागतो.

फाल्गुन आणि आषाढ यांतील फरकाचे मूळ येथेच सापडते. फाल्गुनात साग निष्पर्ण असतो. आषाढात त्याच जागी सुपाएवढ्या पानांची भिंत उभी राहते, तीही ओलीचिंब. पाणी या लहरी शोषून घेते. एवढ्या अंतरावर कोसळत्या पावसाचा उपद्रव नगण्य, भिजलेल्या पानांचा मात्र मोठा. यावर उपाय झाड तोडणे नव्हे. खांब दोन-तीन मीटर उंच करावा, किंवा छपराच्या दुसऱ्या कोपऱ्यावर न्यावा. त्यापूर्वी पावसाळ्यातील झाड डोळ्यांपुढे आणावे.

गोंगाट म्हणजे शेजारच्या यंत्रांचा कालवा. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात वावरतो. म्हणून बाहेरच्या दुव्यासाठी ५ गिगाहर्ट्झचा पट्टा बरा. भारतात २०१८ साली तो घराबाहेरही विनापरवाना वापरण्यास मोकळीक मिळाली. शक्तीची मर्यादा मात्र पाळावी लागते. शिवाय एकाच टोकाची शक्ती वाढवून फायदा नाही. ओरडणाऱ्याला समोरच्याचे क्षीण उत्तर ऐकूही आले पाहिजे.

राहिली ढिलाई. वाऱ्याने खांब फिरतो, जोडात पाणी शिरते, खिळी गंजते. साधी नेटवर्क केबल १०० मीटरपेक्षा लांब नसावी व छपरावर ती उन्हापावसात टिकणारीच असावी. दोन्ही अँटेना एकाच पद्धतीने, उभ्या तर उभ्या, बसवाव्यात. वळिवाच्या विजांचा आपला मुलूख. तेव्हा खांबाला अर्थिंग अवश्य करावे. ओल्या छपरावर चढू नये, आणि विजेच्या तारांजवळ खांब कदापि उभारू नये.

शेवटी एक वही ठेवावी. तारीख, वेळ, हवा, संकेताचा आकडा आणि त्या दिवशी केलेला बदल तीत लिहावा. बदल एका वेळी एकच करावा. दोन बदल एकदम केले, तर गुण कशाचा आला हे कळत नाही. महिनाभराच्या नोंदी पाहून कारागिरास बोलावल्यास त्याचा वेळ व आपला पैसा दोन्ही वाचतात. एवढे करूनही वाट मोकळी होणारच नसेल, तर मळ्यापर्यंत फायबरची तार पुरून घ्यावी. तिला ना पानांची बाधा, ना शेजाऱ्याच्या कालव्याची.