दोन केमोंमधले एकवीस दिवस

"डोस झाला ना, आता घरी नुसतं पडून राहायचं." अहिल्यानगर जिल्ह्यात केमोथेरपी घेऊन घरी परतलेल्या रुग्णाला हे ऐकावंच लागतं. जामखेड-कर्जतकडचा रुग्ण बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयातून आलेला असो, वा संगमनेरचा थेट मुंबईच्या टाटा रुग्णालयातून, भेटायला येणारे पाव्हणे सल्ला तोच देतात: गोड बंद करा, दूध-अंडी नको, गुळवेलाचा काढा सुरू करा, अंथरुणातून उठू देऊ नका. त्यामागची माया खरी आहे. सल्ला मात्र चुकीचा आहे, आणि कधी कधी तो जिवावर बेततो.

साखर तोडली की गाठ उपाशी मरते, असं सांगतात. शरीरातली प्रत्येक पेशी साखरेवर चालते. आहारातून ती काढली तरी शरीर ती तयार करतंच. उपाशी राहतो तो रुग्ण. त्याचं वजन घटतं, अंगातली ताकद जाते आणि पुढचा डोस पुढे ढकलावा लागतो. नोव्हेंबर २०२४मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीचा कॅन्सर कडुनिंब, हळद आणि आहारनियमांनी हटल्याचं सांगितलं. पण पत्नीवर शस्त्रक्रिया आणि केमोही झाली होती. टाटाच्या २६२ आजी-माजी डॉक्टरांनी तातडीने निवेदन काढलं: या उपायांना भक्कम पुरावा नाही, त्यापायी उपचार लांबवू नका.

"काढ्याने अपाय तर होत नाही ना?" असा प्रश्न येतो. होऊ शकतो. २०२१मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता. पण केमोची बरीच औषधं यकृतातूनच निचरतात. वादात असलेली वस्तू नेमकी याच दिवसांत, डॉक्टरांना न विचारता पोटात का घालायची?

पथ्यालाही न्याय द्यायला हवा. उघड्यावरचं, शिळं खाऊ नये, दूध उकळूनच प्यावं, गर्दी टाळावी, हे वडीलधाऱ्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. त्यापुढे मात्र ताटात वरण, अंडं, शेंगदाणे, मऊ भाकरी दुधात कुस्करून, जे तोंडाला रुचेल ते थोडं थोडं पडलंच पाहिजे. तोंड आलं असेल तर मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. आणि अंगणात चार फेऱ्या. केमोचा थकवा नुसत्या झोपेने जात नाही, झेपेल तेवढ्या चालण्याने तो कमी होतो. उपचार चालू असतानाही व्यायाम करावा, अशी शिफारस अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२मध्ये केली आहे.

सगळ्यात घातक समज तापाचा आहे. "गरमीचा असेल, गोळी दे, उतरेल." बऱ्याच औषधांनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा शरीरात जंतूंशी लढायला फौजच उरत नाही. पू नाही, सूज नाही, फक्त ताप. तापाच्या गोळीने थर्मामीटरचा आकडा उतरतो, जंतू रक्तात वाढतच राहतात. म्हणून १००.४ फॅरनहाइट दिसला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी आधी केमो देणाऱ्या रुग्णालयाला फोन करायचा आणि निघायचं. अशा रुग्णाला दवाखान्यात पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक मिळावं, असा जगभरचा दंडक आहे.

"खेड्यातल्या माणसाला हे कसं जमणार?" हा शेवटचा आक्षेप. तो याच जिल्ह्याने खोडून काढला आहे. १९७०पासून जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी अक्षरओळख नसलेल्या बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्या बायांनी गावोगावी बाळंतपणं सांभाळली, हगवण लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी पाजायला आयांना शिकवलं. ज्या मातीत हे झालं, तिथल्या सुनेला किंवा नातवाला काखेतला थर्मामीटर वाचता येणार नाही, असं म्हणणं हा त्यांचा अपमान आहे.

तेव्हा पाव्हण्यांनी काढ्याच्या पुडीऐवजी एक डिजिटल थर्मामीटर न्यावा. घरच्यांनी डॉक्टरांना विचारून पेशी उतरण्याचे दिवस भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनाने गोल करावेत. शेजारीच रुग्णालयाचा रात्रीचा नंबर आणि रुग्णवाहिकेचा १०८ मोठ्या अक्षरांत लिहावा.