समोरचा माणूस लाकडाचा नसतो

कराटे भारी का कुंगफू, बॉक्सिंग भारी का कुस्ती, हा वाद नाक्यानाक्यावर चालतो. वाद घालणाऱ्यांत बहुतेकांनी पिक्चर बघितलेला असतो, मार खाल्लेला नसतो. मी गोदीत ओझी उचलणारा, मॅट्रिक झालेला, कविता करणारा माणूस. मला कुणाची गादी चालवायची नाही. म्हणून सरळ बोलतो. दोस्तहो, कुठली विद्या भारी हे विचारूच नका. ती शिकवताना समोरचा माणूस उलटून मारतो का, एवढंच विचारा.

आपल्या वस्त्यांत क्लास चालतात. समाजमंदिरात, शाळेच्या हॉलात, गच्चीवर. पोरं पांढरे कपडे घालून ओळीत उभी राहतात आणि हवेला ठोसे मारतात. हवा काय उलटून मारते? दर थोड्या महिन्यांनी परीक्षा. परीक्षेची फी, पट्ट्याची फी, सर्टिफिकेटची फी. पिवळा, हिरवा, तपकिरी. आई चार घरची भांडी घासून ते पैसे भरते. शेवटी काळा पट्टा मिळतो आणि पोराला वाटतं, आता चौघांना लोळवीन. हे वाटणंच जीव घेणारं आहे. पोरींसाठी तर दोन दिवसांचं शिबिर. मनगट असं धरलं तर असं सोडवायचं, म्हणे. धरणारी मैत्रीण हसत हसत धरते आणि हसत हसत सोडते. रात्रीच्या गल्लीतला हरामखोर असा सोडणार आहे का?

हुशार मास्तरांकडं उत्तर तयार असतं. 'आमचे डाव इतके घातक आहेत, की सरावात वापरताच येत नाहीत.' ही थाप 1882 सालीच उघडी पडली. त्या साली जिगोरो कानो या तरुण माणसानं टोकियोत ज्युदोची शाळा काढली. जुन्या जुजुत्सूतले जीवघेणे डाव त्यानं मोकळ्या लढतीतून काढून टाकले. उरलेले डाव पोरं रोज एकमेकांवर पूर्ण ताकदीनं मारायला लागली, आणि समोरचाही पूर्ण ताकदीनं अडवायला लागला. हजार वेळा खरा मारलेला साधा डाव, कधीच न मारलेल्या घातक डावाला भारी पडतो. ज्युदोचं सगळं इंगित एवढ्यात आहे.

हीच विद्या मित्सुयो माएदानं ब्राझीलला नेली आणि तिथल्या ग्रेसी घराण्यानं तिची आपली अशी जमिनीवरची कुस्ती केली. 1951 साली रिओत जपानच्या मासाहिको किमुरानं हेलिओ ग्रेसीचा हात मोडला. ग्रेसींनी पराभव लपवला नाही. त्या डावालाच किमुरा नाव दिलं आणि शिकत राहिले. पुढं 12 नोव्हेंबर 1993 ला अमेरिकेत डेन्व्हर इथं आठ विद्यांचे आठ जण पिंजऱ्यात उतरले. वजनगट नव्हते. हेलिओचा पोरगा रॉइस, ऐंशीएक किलोचा सडपातळ गडी, एका रात्रीत तिघांना हरवून गेला. स्पर्धा भरवण्यात त्याचा थोरला भाऊ रोरियन होता, हेही लक्षात ठेवा. घरच्यांनी मांडलेला बाजार होता तो. पण पिंजऱ्यातले हिसके खरे होते.

आता दुसरी बाजू बघा. एप्रिल 2017. चीनमधल्या चेंगदू शहरात शू श्याओडोंग नावाच्या मिश्र कुस्तीवाल्यानं ताइचीच्या एका मास्तरला अर्ध्या मिनिटाच्या आत जमिनीवर झोपवलं. मग काय झालं? मास्तरांचे डाव तपासले गेले? छट्. शूवरच सगळे तुटून पडले. पुढं 2019 साली एका बड्या ताइची गुरूला भोंदू म्हटलं म्हणून कोर्टानं त्याला माफी मागायला लावली, आणि वेगवान रेल्वेचं तिकीट काढायची बंदी आली. पुरावा मागणाऱ्यालाच शिक्षा. ही रीत आपल्याला नवी नाही. पोथी कुणाचीही असो, तिला हात लावला की गादीवाले चवताळतात.

कराटे म्हणजे सगळंच खोटं, असंही नाही. मास ओयामाच्या क्योकुशिन कराटेत अंगावर खरे ठोसे बसतात, लाथ डोक्यावर बसते. पण हाताचा ठोसा तोंडावर मारायचा नाही हा नियम. म्हणून त्यातला पैलवान तोंड झाकायला कमी शिकतो. आणि गुणांच्या कराटेची गंमत ऐका. 7 ऑगस्ट 2021, टोकियो ऑलिंपिक, अंतिम सामना. सौदीचा तारेग हमेदी 4-1 नं पुढं. त्यानं इराणच्या सजाद गंजजादेहच्या डोक्यात लाथ घातली. सजाद बेशुद्ध. पंचांनी हमेदीला जोर जास्त लागला म्हणून बाद केलं. बेशुद्ध माणसाला सुवर्णपदक! खेळ म्हणून नियम ठीक असेल. पण राडा करणारा असल्या पंचाला विचारत नाही.

आपल्या मातीचं काय? तालमीतली लढंत खरी असते. समोरचा गडी घामानं निसटतो, मान दाबतो, पट काढतो. म्हणून कुस्ती कामाची. पण तीही पुरी नाही. डिसेंबर 1976 मध्ये कराचीत गामाच्या घराण्यातल्या अक्रम पैलवानाचा हात जपानच्या अंतोनिओ इनोकीनं पिरगाळून मोडला. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. इनोकीला पाठीशी कर्तव्य नव्हतं, सांधा हवा होता. ज्याचा सराव नाही तेच आपल्या अंगावर येतं.

बोधिधर्मानं कुंगफू चीनला नेलं, असं आपलीच पोरं छाती फुगवून सांगतात. ती कथा सतराव्या शतकातल्या एका चिनी पुस्तकापलीकडं मागं जात नाही. ज्या बापानं ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका म्हणून सांगितलं, त्याच्याच भिक्खूच्या नावावर ऐकीव गोष्ट खपवायची?

आणि शेवटी रस्ता. डेन्व्हरच्या पिंजऱ्यात खाली गादी होती, पंच होता, समोर एकच माणूस होता. गोदीत मी भांडणं बघितलीत. एकाही भांडणात कुणी वाकून नमस्कार केला नाही. खाली काँक्रीट, तेलानं निसरडं. एकाला मिठी मारून खाली घेतलंत, तर दुसरा तुमच्या टाळक्यात लाथ घालतो. कुणाच्या कमरेला सुरा आहे ते आधी दिसत नाही. सुऱ्यासमोर पळणं हा पहिला डाव, आणि तो शिकवायला कुणी फी घेत नाही. नुसता ढकललेला माणूसही डोकं फरशीवर आपटून मरतो. जीव वाचवायला मारायचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 कलमांत आहे, पण तो सिद्ध होतो कोर्टात. चौकीत आधी विचारतात, राहतोस कुठं?

म्हणून सांगतो, शिकायचंच तर ठोसा चुकवायला आणि खायला शिका, ते बॉक्सिंगात मिळतं. पडायला, पाडायला आणि पडल्यावर उठायला शिका, ते कुस्तीत आणि ज्युदोत मिळतं. दोन्ही ठिकाणी रोज हरावं लागतं. ज्या क्लासात कुणी कधीच हरत नाही, तो क्लास नाही, आरतीची रांग आहे.

उद्या तुझ्या मास्तरला विचार: सर, आज माझ्याशी खरं लढणार? नाहीतर जो मला अडवील असा एक गडी समोर द्याल? तो रागावला, परंपरा सांगायला लागला, तर पट्टा तिथंच सोड. पुढच्या महिन्याची फी आईच्या हातात दे.