धरलेले सोडायचे कसे?

औष्णिक वीजकेंद्राच्या धुरातील कार्बन डायऑक्साइड वेगळा काढता येतो, ही गोष्ट नवी नाही. खरा खर्च आहे तो पकडलेला वायू पुन्हा मोकळा करण्याचा. प्रचलित पद्धतीत अमाइनचे द्रावण त्यासाठी सुमारे १२० अंश सेल्सियसपर्यंत तापवावे लागते, आणि ती उष्णता बहुधा वीजकेंद्राच्याच वाफेतून घ्यावी लागते. धूर स्वच्छ करण्यासाठी अधिक कोळसा जाळावयाचा, असा हा द्राविडी प्राणायाम होय!

धातू व सेंद्रिय रेणू यांच्या जोडणीतून घडविलेले सच्छिद्र संकरित स्फटिक या पेचातून वाट काढू शकतील, अशी आशा आहे. याच स्फटिकांवरील संशोधनाबद्दल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन व ओमर याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा एका ग्रॅम पदार्थातील छिद्रांचे पृष्ठफळ हजारो चौरस मीटर भरू शकते. वायूचे रेणू या पृष्ठभागाला धरून राहतात. यालाच अधिशोषण म्हणतात. स्फटिकाच्या चौकटीत प्रकाशाने आकार बदलू पाहणारा ॲझोबेंझीनसारखा रेणू गुंफला, तर ही पकड प्रकाशानेच सैल करता येते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अशा एका पदार्थाची वायू धरण्याची क्षमता जंबुपार प्रकाशात ६४ टक्क्यांपर्यंत घटली, आणि प्रकाश दूर होताच पूर्ववत झाली.

अर्थात, प्रयोगशाळेतील चिमूटभर पावडर म्हणजे कारखाना नव्हे. भूपृष्ठावर येणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत जंबुपार किरणांचा वाटा जेमतेम ५ टक्के. शिवाय पदार्थाच्या ढिगात प्रकाश खोलवर शिरत नाही आणि धुरातील बाष्प छिद्रे अडवून बसते. दृश्य प्रकाशाला दाद देणारे व ओलाव्यात टिकणारे पदार्थ शोधणे, हेच पुढील खरे काम आहे.

ते आपणही करावयास हवे. आपल्याकडे ऊन मुबलक आहे आणि कोळशावरील भिस्तही मोठी आहे. कार्बन पकडण्याच्या संशोधनासाठी २०२२ मध्ये मुंबईच्या आयआयटीत व बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात राष्ट्रीय केंद्रे स्थापण्याचे ठरले, हे स्वागतार्हच होय. परंतु रॉब्सन यांच्या १९८९ मधील पहिल्या रचनेपासून नोबेलपर्यंत ३६ वर्षे लोटली, हे अनुदान देणाऱ्यांनी विसरू नये. दोन-तीन वर्षांत फळ मागणाऱ्या हिशेबात असे संशोधन बसत नाही. त्याचबरोबर, उद्याच्या या आशेवर विसंबून आजचा धूर कमी करण्याचे कर्तव्य लांबणीवर टाकणे, ही मात्र शुद्ध आत्मवंचना ठरेल.